काजूच्या बरणीवर गाव लिहा: सोलापूरच्या सुका मेवा व्यापाऱ्यांना आणि मिठाई विक्रेत्यांना खुले पत्र

सोलापूर शहर व जिल्ह्यातील सुक्या मेव्याचे सर्व व्यापारी आणि मिठाई विक्रेते यांस,

सप्रेम नमस्कार.

मी गेली सोळा वर्षे सोलापुरात घरी काजूकतली आणि काजूचे इतर पदार्थ ऑर्डरप्रमाणे करून देते. राखी पौर्णिमा, दिवाळी आणि लग्नसराई हे माझ्या कामाचे दिवस. माझे माहेर सावंतवाडी तालुक्यातले. तेथे घरामागच्या उतारावर काजूची तीस-पस्तीस झाडे आहेत आणि माझा भाऊ अजून ती राखतो. त्यामुळे काजू मी झाडाखाली वेचलेला आहे आणि आपल्या दुकानांच्या काट्यावर तोलूनही घेतलेला आहे. या दोन टोकांच्या मध्ये काय घडते हे मला बरीच वर्षे ठाऊक नव्हते, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे आपल्यापैकी अनेकांनाही घाऊक व्यापाऱ्याने ते कधी सांगितलेले नसते. म्हणून हे पत्र लिहीत आहे. माझी विनंती अशी की, दुकानातल्या काजूच्या बरणीवर आपण प्रतीचा आकडा आणि भाव लिहिता, त्याच चिठ्ठीवर बी, म्हणजे टरफलासकट कच्चा काजू, कोठली आणि डबा कधी फोडला हेही लिहावे.

या विनंतीमागे एक नुकसान आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी मी नेहमीच्या एका दुकानातून बारा किलो पाकळी, म्हणजे उभा दोन भागांत फुटलेला काजू, आणली. रंग पांढरा होता, तुकडा कमी होता, भावही रास्त होता. मिक्सरमध्ये पहिली पूड पडली तेव्हा वास थोडा जड वाटला, पण घाईत मी पाक चढवला. गोळा मळताना हाताला सुटलेले तेल आणि जिभेच्या मागे राहिलेली खवट चव यांनी काय ते सांगितले. नऊ किलोंची कतली झाली होती; ती मी एकाही घरी पाठवली नाही. दुकानदारांकडे गेले तेव्हा त्यांनी वाद न घालता उरलेला माल परत घेतला. पण हा माल कोणत्या हंगामाचा आणि डबा केव्हा फोडला होता, असे विचारल्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हते. ते लपवत नव्हते. त्यांना ते कोणी सांगितलेच नव्हते. फसवले गेल्याचा राग निवळतो. पण विचारायला कोणी उरलेलेच नाही ही जाणीव माझ्या मनातून गेली नाही आणि तेव्हापासून मी या जिनसाविषयी मिळेल ते वाचत, विचारत आले.

काजूच्या गरात जवळजवळ निम्मे वजन तेलाचे असते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर राहतो. त्या उन्हाळ्यात उघड्या बरणीत राहिलेला गर रंगाने पांढराच दिसतो आणि आतून खवटत जातो. म्हणून तर परदेशी जाणारा काजू पहिल्यापासून हवाबंद डब्यात गेला. केरळातल्या कोल्लमहून १९२०च्या दशकात अमेरिकेला गर जाऊ लागला, तेव्हा लांबच्या समुद्रप्रवासात त्याला कीड लागत असे. डब्यातली हवा काढून कार्बन डायऑक्साइड भरण्याची युक्ती निघाली आणि मग हा व्यापार खऱ्या अर्थाने उभा राहिला. त्या काळचा डबा पंचवीस पौंडांचा, म्हणजे ११.३४ किलोंचा होता. आपल्या बरणीवरचे आकडेही तिथलेच आहेत. डब्ल्यू २४० म्हणजे एका पौंडात, सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त २४० अखंड गर. डब्ल्यू ३२० म्हणजे तीनशे वीस. आकडा जितका लहान तितका दाणा मोठा. गिऱ्हाईक पुष्कळदा उलटे समजते, आणि ‘तीनशेवीस’ मागून आपण वरची प्रत घेतली अशा समाधानाने घरी जाते.

हा आकडा फक्त आकार सांगतो. चव, वय आणि गाव यांतले काहीच तो सांगत नाही. कतलीसाठी तर मला आकारही नको असतो. पूडच करायची तर पाकळी किंवा तुकडा चालतो, आणि अखंड २४० दळून टाकणे हा मला त्या दाण्याचा अपमान वाटतो. मला हवा असतो तो ताजेपणा, आणि त्याची नोंद बाजारात कोठेच नाही.

आता गावाविषयी. आपले शहर तीन भाषा बोलणारे आहे, आणि काजूची निम्मी कुळकथा या तीन भाषांतच सापडते. पूर्व भागातल्या माझ्या शेजारणी काजूला ‘जीडिपप्पु’ म्हणतात. तेलुगूत ‘जीडि’ म्हणजे बिब्बा, आणि काजूच्या झाडाला ‘जीडिमामिडी’, म्हणजे बिब्बा-आंबा. अक्कलकोटकडच्या कन्नड बोलणाऱ्या घरांत काजूला ‘गोडंबी’ म्हणतात. मराठीत गोडंबी म्हणजे बाळंतिणीच्या लाडवांत पडणारा बिब्ब्याच्या आतला गर. वनस्पतिशास्त्रानेही हेच सांगितले आहे: आंबा, बिब्बा, पिस्ता आणि काजू ही एकाच कुळातली झाडे. परदेशातून आलेले एक अनोळखी झाड पाहून दख्खनच्या लोकांनी त्याच्या टरफलातले तेल बिब्ब्यासारखे उतते हे ओळखले आणि त्याला नाव देऊन टाकले.

मराठीने मात्र त्याचे मूळ नावच ठेवले. हे झाड ईशान्य ब्राझीलचे. तिथले टुपी लोक त्याला ‘अकाजू’ म्हणत, पोर्तुगिजांनी त्याचे ‘काजू’ केले आणि सोळाव्या शतकात झाडासह ते नाव गोव्याच्या किनाऱ्यावर उतरले. १५५८ साली आंद्रे थेवे या फ्रेंच धर्मोपदेशकाने छापलेल्या चित्रात ब्राझीलची माणसे झाडावरून बोंडे, म्हणजे बी ज्याला लटकते ती रसाळ फळे, काढताना आणि पिळून रस गाळताना दिसतात. म्हणजे पहिला मान बोंडाचा होता. गोव्यातही बोंडाची फेणी झाली. तिला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. गराचा जगभर व्यापार सुरू व्हायला बोंडाच्या मानाने फार उशीर लागला, आणि त्याचे कारण टरफलात आहे.

ते कारण मी अंगावर भोगले आहे. लहानपणी मे महिन्यात आम्ही तळाला भोके पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात बी भाजत असू. थोड्या वेळाने टरफलातले तेल पेट घेते, काळा धूर उठतो, आणि लांब काठीने बी हलवत राहावे लागते. मग सगळे मातीवर ओतून वर माती टाकायची आणि निवल्यावर दगडाने एकेक फोडायची. नीट न भाजलेली एक बी मी दातांनी फोडली होती. ओठाच्या कडेला उतले, कातडी काळी पडून सुटली आणि आठवडाभर मला ताक-भाताशिवाय काही खाता आले नाही. हेच तेल आज ब्रेकच्या अस्तरात, रंगांत आणि वॉर्निशात वापरले जाते. कारखान्यात बी वाफवून पायाने चालवायच्या कातरयंत्रावर कापतात, तरी कापणाऱ्या बायका हाताला तेल किंवा राख लावूनच बसतात. वाळलेल्या बीच्या शंभर किलोंतून साधारण पंचवीस किलो गर निघतो. बाकीचे सगळे टरफल आणि साल.

हे काम पहिल्यापासून बायकांच्या हातांवर चालत आले आहे. कोल्लममध्ये, मंगळुरूमध्ये, चंदगड-आजऱ्याच्या शेडमध्ये कापणे, सोलणे, निवडणे हे सर्व बहुतेक बायकाच करतात आणि मजुरी पुष्कळ ठिकाणी किलोवर मिळते. हजार विड्यांवर मजुरी घेणाऱ्या आपल्या शहरातल्या बायकांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. माझ्या सासूबाईंनी चाळीस वर्षे विड्या वळल्या. मी एकदा त्यांना काजू सोलण्याचे काम सांगितले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो तुटलेला माल मजुरीत धरतात का, हा.

आता बी कोठून येते ते पाहू. भारत हा जगातला काजूचा सर्वांत मोठा खवय्या देश आहे, पण आपल्या कारखान्यांत फुटणाऱ्या बीपैकी फार मोठा भाग बाहेरून येतो. देशात वर्षाला साधारण सात-आठ लाख टन बी पिकते आणि जवळजवळ तेवढीच, कधी त्याहून जास्त, आफ्रिकेतून जहाजाने येते. आपला आणि पश्चिम आफ्रिकेचा हंगाम फेब्रुवारी ते मे. टांझानिया आणि मोझांबिकचा ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतो. म्हणून कारखाने वर्षभर चालू शकतात आणि म्हणूनच दिवाळीच्या बरणीतला गर यंदाच्या एप्रिलचा आहे की गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरचा, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. व्यापारी आफ्रिकेतली बी घेताना ८० किलोंच्या पोत्यातून किती पौंड चांगला गर निघतो याचा आकडा काढून भाव ठरवतात. बंदरावर त्या पोत्याचे गाव, हंगाम, ओलावा, सगळे कागदावर असते. ते गाव पुसले जाते ते पुढे, बी फुटल्यावर. गर इथे निघाला की पुडीवर तो भारतात तयार झालेला माल म्हणून येतो, आणि आपल्या बरणीपर्यंत येताना कधी ‘गोवा काजू’ तर कधी ‘कोकण काजू’ होतो.

गाव पुसले गेल्याने कोणाचे काय जाते, असे कोणी विचारील. मोझांबिकचे उदाहरण मला यासाठी महत्त्वाचे वाटते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला जगात सर्वांत जास्त काजू त्या देशात पिकत होता, वर्षाला दोन लाख टनांहून अधिक. १९७५ला स्वातंत्र्य मिळाले, मग यादवी युद्ध पेटले ते १९९२पर्यंत चालले; बागा म्हाताऱ्या झाल्या, पीक कोसळले. तरीही बी स्वतः फोडून गर विकण्यासाठी त्यांनी कारखाने उभे केले होते आणि कच्ची बी बाहेर जाऊ नये म्हणून निर्यातीवर कर ठेवला होता. १९९०च्या दशकाच्या मध्यावर जागतिक बँकेने कर्जाची अट म्हणून तो कर उतरवायला लावला. शेतकऱ्याला जास्त भाव मिळेल, असा त्यामागचा युक्तिवाद होता. शेतकऱ्याच्या हाती पडलेली वाढ किरकोळ ठरली. कच्ची बी भारताकडे वळली, कारखान्यांना कुलपे लागली आणि हजारो कामगार, त्यांत पुष्कळ बायका, घरी बसल्या. पुढे त्या देशाच्या संसदेने कर पुन्हा वाढवला, पण बंद पडलेले कारखाने पूर्वीसारखे उभे राहिले नाहीत. गिरण्या बंद पडल्यावर गल्लीतल्या चुली कशा थंडावतात हे या शहराने पाहिलेले आहे. त्या वर्षांत आपण सोलापुरात खाल्लेल्या काजूत त्या बीचाही वाटा असणार, आणि आपल्यापैकी कोणालाही ते कळण्याची सोय नव्हती.

नंतर तीच पाळी आपल्यावर आली. व्हिएतनामने यंत्रे आणली, आफ्रिका आणि कंबोडियातून बी नेली आणि २००६च्या सुमारास गराच्या निर्यातीत भारताला मागे टाकले. आजही तोच देश पहिला आहे. कोल्लमचे कितीतरी कारखाने गेल्या दहा-पंधरा वर्षांत बंद पडले. इकडे आयव्हरी कोस्ट आज जगात सर्वांत जास्त बी पिकवतो, आणि गिनी-बिसाऊसारख्या छोट्या देशाच्या निर्यातीतला नऊ-दशांशाहून अधिक भाग एकट्या काजूचा आहे. आफ्रिका जगातली निम्म्याहून जास्त बी पिकवते, पण त्यातली थोडीच तिथे फुटते. टांझानियात २०१८ साली व्यापाऱ्यांनी भाव पाडल्यावर अध्यक्ष मागुफुली यांनी किलोला ३,३०० शिलिंग दर जाहीर करून खरेदीसाठी थेट सैन्य उतरवले होते. त्या निर्णयाचे पुढे बरेवाईट काय झाले हा वेगळा विषय आहे. पण एखाद्या देशाला काजूसाठी सैन्य बोलवावेसे वाटते, यावरून तिथल्या शेतकऱ्याच्या घरात या बीला काय किंमत आहे ते दिसते.

येथे एक गैरसमज होऊ नये. आफ्रिकेचा काजू हलका आणि कोकणचा भारी, असे मी म्हणत नाही. टांझानियाच्या मोठ्या दाण्याची मी केलेली कतली गिऱ्हाइकांनी आवडीने खाल्ली आहे, आणि कोकणातला माल नीट न वाळवता भरला तर तोही बिघडतो. माझे म्हणणे इतकेच आहे की, टांझानियाचा काजू टांझानियाच्या नावाने विकावा आणि वेंगुर्ल्याचा वेंगुर्ल्याच्या. १९५७ साली वेंगुर्ल्यात फळ संशोधन केंद्र सुरू झाले, तिथे निवड आणि संकर करून ‘वेंगुर्ला ४’, ‘वेंगुर्ला ७’ यांसारख्या जाती निघाल्या. ‘वेंगुर्ला ७’ची एक बी दहा ग्रॅमपर्यंत भरते, आमच्या घरामागच्या गावठी झाडांची त्यापुढे फारच लहान. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकनही आहे. माझ्या भावाने ही कलमे लावली, फवारण्या केल्या, आग लागू नये म्हणून जानेवारीत रान साफ केले. आणि शेवटी त्याची बी ज्या भावाने जाते तो भाव आयात बीच्या जहाजावर ठरतो. स्पर्धा असावी, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याच्या गावाचे नाव दुसऱ्याच्या मालाला लागत असेल, तर ती स्पर्धाही राहत नाही.

ही गोष्ट सोलापूरपेक्षा जास्त कोणाला कळावी? दुसरीकडे यंत्रमागावर निघालेली चादर ‘सोलापुरी’ म्हणून रेल्वे स्थानकांबाहेर आणि जत्रांतून विकली जाते, तेव्हा आपल्याला राग येतो आणि तो योग्यच आहे. सोलापुरी चादरीला मानांकन मिळाले, मंगळवेढ्याच्या ज्वारीला मिळाले, आपल्या डाळिंबाला मिळाले. आपला बेदाणा पंढरपूरच्या सौद्यात जातो तेव्हा तो कोणाच्या शेडवरचा, रंग कसा, कधी वाळवला हे विचारल्याशिवाय बोली लागत नाही. स्वतःच्या मालाला आपण जो न्याय मागतो तोच बरणीतल्या परगावच्या मालाला द्यावा, एवढेच मी मागत आहे.

व्यवहारातल्या अडचणी मला दिसतात. मधला मारुती ते टिळक चौक या पट्ट्यात मी आठ-दहा दुकानदारांशी बोलले. घाऊकवाला सांगतच नाही, असे बहुतेकांनी सांगितले. त्यावर एक सोपा मार्ग आहे: बिलावर बीचे मूळ आणि गर काढल्याचा महिना लिहून मागावा. आपण दहा जणांनी एकत्र मागितले तर घाऊकवाला लिहील. त्याच्याकडे कागद असतात. मिश्र माल असेल तर ‘मिश्र’ लिहावे, त्यात कमीपणा नाही. नक्की ठाऊक नसेल तर रकाना रिकामा ठेवावा. रिकामा रकाना पाहूनही गिऱ्हाईक प्रश्न विचारायला शिकेल. डबा फोडल्याची तारीख तर आपल्याच हातात आहे. खडूने लिहिली तरी पुरे. सुट्या मिठाईच्या ताटापुढे वापराची मुदत लिहिण्याचा नियम १ ऑक्टोबर २०२० पासून आला, तेव्हाही हे जमणार नाही असे म्हटले गेले होते. अनेक दुकानांत ती पाटी आज सरावाची झाली आहे.

मिठाई विक्रेत्यांना एक वेगळी विनंती. कतलीत काजू किती आणि साखर किती, हे सांगायला लाजू नये. आणि शेंगदाण्याचे पीठ घातले असेल तर तिला शेंगदाण्याची कतली म्हणावे. सोलापूरची शेंगा चटणी गावोगाव जाते. आपल्या शेंगदाण्याला काजूचे नाव घेण्याची गरज नाही. शिवाय शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईसाठी ही बाब चवीपेक्षा फार मोठी आहे.

माझ्याकडून मी सुरुवात केली आहे. गेल्या वर्षापासून माझ्या प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी असते: गर कोणत्या गावचा किंवा देशाचा, पाकळी की तुकडा, मी डबा कधी फोडला, कतली कधी केली. दोन वेळा मला ‘बीचे मूळ समजले नाही’ असे लिहावे लागले. एका गिऱ्हाइकाने त्यावर फोन करून विचारपूस केली, आणि ऑर्डर कायम ठेवली.

या दिवाळीसाठी मला साधारण साठ किलो पाकळी लागेल. ज्या दुकानात बरणीवर गाव आणि तारीख लिहिलेली दिसेल तिथूनच मी ती घेईन, किलोमागे दहा-वीस रुपये जास्त पडले तरी. चिठ्ठीचा नमुना मी मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तिन्ही भाषांत लिहून ठेवला आहे. ज्यांना हवा असेल त्यांना दुकानात आणून देईन.

आपली नम्र,
घरगुती मिठाई करणारी एक ग्राहक,
सोलापूर